टोल्यावरचा खाऊ

भुलाबाईच्या माडीला, म्हणजे तिच्यावरच्या मांडवाला, ज्वारीची पाच ताटं लागतात, आणि सावळझरीत ज्वारी पेरणारं आता कोणी उरलं नव्हतं. गावाभोवती संत्र्याच्या बागा होत्या, कपाशी होती, कारंज्याच्या बाजारात जाणारी वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, होता. ज्वारी उभी होती ती फक्त नाल्यापलीकडच्या गोंडवस्तीत, म्हणजे टोल्यावरच्या वावरांत.

"मग तिथून आणा," नलूबाई म्हणाल्या.

अंगणात बसलेल्या पोरी एकमेकींकडे पाहू लागल्या. कोजागिरी दोन दिवसांवर आली होती. दर संध्याकाळी गावातल्या पोरी नलूबाईंच्या अंगणात मातीच्या भुलोजी-भुलाबाईपुढे गाणी म्हणायला जमायच्या, पण कोजागिरीचा मान मोठा. त्या संध्याकाळी भुलाबाईला ताटांच्या माडीखाली बसवायचं, टिपऱ्या खेळायच्या आणि शेवटी झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायचा.

"बाई, टोल्यावर?" आचल म्हणाली. ती चौथीत होती आणि पोरींची पुढारीण होती. "आबाजीनं तिकडे जायचं नाई म्हणलं आहे."

"तर मग आबाजीले विचारून ये, भुलाबाई कशाखाली बसवू? वांग्याच्या झाडाखाली?"

पोरी खिदळल्या. आचल मात्र हसली नाही. तिनं थोडा वेळ विचार केला, ओढणी कमरेला खोचली आणि म्हणाली, "चाला गं."

नलूबाई त्या गावात तीस-बत्तीस वर्षं अंगणवाडी चालवून निवृत्त झाल्या होत्या. मूल हट्टाला पेटलं की त्याला ओढायचं नाही, त्याच्या वाटेत त्याला आवडेल असं काही ठेवायचं आणि आपण दुसरीकडे पाहायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मोठी माणसंही फारशी वेगळी नसतात, असं त्यांचं मत होतं. ज्वारी कुठे आहे आणि कुठे नाही, हे त्या मृगापासून पाहून होत्या.

अंगणवाडीत त्यांच्यासोबत मदतनीस म्हणून टोल्यावरची सखू होती. नलूबाई गाणी शिकवायच्या, सखू खिचडी शिजवायची. गावातली आणि टोल्यावरची पोरं एकाच ओळीत बसून ती खायची. सखू वाढता वाढता गोंडीत आकडे मोजायची, म्हणून गावातल्या कितीतरी पोरांना दहापर्यंत गोंडी यायचं. दोघींच्या भांडणांनाही गाव सरावलं होतं. खिचडीत मीठ किती, यावर त्या दिवसभर अबोला धरायच्या आणि संध्याकाळी एकाच चंचीतून पान खायच्या.

तीन वर्षांपूर्वी नवरात्रातल्या महाप्रसादाच्या दिवशी हे सगळं तुटलं. नलूबाई तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी सेवाग्रामला होत्या. देवीच्या मंडपामागे बायका स्वयंपाकाला बसल्या होत्या. सखूनं नेहमीसारख्या बाह्या सरसावल्या आणि पुऱ्यांच्या पिठात हात घातला. तेव्हा मंडळाचे ताराचंद पाटील, म्हणजे आचलचे आबाजी, सगळ्यांदेखत म्हणाले, "टोल्यावरच्यांनी भाजी चिरावी. पिठाले हात लावू नये."

त्या मंडपातल्या निम्म्या लोकांना सखूनं लहानपणी स्वतःच्या हातानं भरवलं होतं. एकही जण बोलला नाही. सखूनं बोटांचं पीठ परातीच्या काठाला पुसलं आणि ती निघून गेली. तिच्यामागे टोल्यावरचं पंगतीला आलेलं माणूस न् माणूस उठलं.

त्यानंतर टोल्यावरून कोणी गावात भाजी तोडायला आलं नाही. त्यांनी आपली देवी वेगळी बसवली. शाळेत पोरं वेगवेगळ्या भिंतींना टेकून बसू लागली. गावातले म्हणत, माजले आहेत. टोल्यावरचे काहीच म्हणत नसत.

नलूबाई परतल्या तेव्हा त्यांनी ताराचंदना भर चौकात सुनावलं. ताराचंदनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही पोरं शिकवा. गावाचं आम्ही पाहू." मग नलूबाई नाला ओलांडून सखूकडे गेल्या. सखूनं चहा केला, डोळ्याची चौकशी केली, पण जाताना स्पष्ट सांगितलं, "माया हातचं या गावाच्या गळ्याखाली उतरत नाई, तवरी मी कोनाच्या अंगनात पाय ठेवत नाई. तुयाही नाई, बाई."

तेव्हापासून नलूबाईच तिकडे जायच्या. सखू त्यांना नाल्यापर्यंत सोडायला यायची आणि तिथून मागे फिरायची. तीन वर्षं दोघींची मैत्री अशी एका पायावर चालली होती. आपल्या अंगणात, आपल्या तुळशीजवळच्या दगडावर सखूला पुन्हा बसलेलं पाहायचं, एवढंच नलूबाईंना हवं होतं. बाकी गावानं एक व्हावं की न व्हावं, ते त्यानंतर आपोआप होईल, अशी त्यांची खात्री होती.

दिवस कलायच्या आत पोरी परतल्या. गेल्या होत्या सात, आल्या पंधरा-सोळा. पुढे खांद्यावर उंच ताटं घेतलेली सखूची नात रुपा होती आणि तिच्या मागे टोल्यावरच्या पोरी.

"आजीनं ताटं देल्ली," रुपा अंगणाबाहेर उभी राहूनच म्हणाली. "पन दोन गोठी सांगतल्या. आमी फेरात राहू. अन् कोजागिरीचा खाऊ आमचा राहीन. आजीच्या हातचा."

"सांगजो तिले, कबूल आहे," नलूबाई म्हणाल्या. "आता आत या, ताटं उन्हात सुकतील."

ही बातमी रात्रीच्या भाकरी थापून होईपर्यंत गावभर झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी जया आली. ती ताराचंदची सून, आचलची आई आणि बचत गटाची अध्यक्षा. तिचं माहेर ढग्याच्या डोंगराकडचं. बोलायला चटपटीत, आणि खाऊ ओळखण्यात तर तिचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. लग्न होऊन आली त्या वर्षापासून डबा कानाशी धरून दोनदा हलवला की ती सांगायची, मुरमुऱ्याचा चिवडा आहे, त्यात शेंगदाणे कमी आहेत.

"बाई, पोट्ट्या नाचोत, गाने म्हनोत, आमचं काई नाई," जया म्हणाली. "पन खाऊ कायले कबूल केला तुम्ही?"

"काऊन वं? डब्यात काय आहे ते तरी माहीत आहे का तुले?"

"काईही असो. मामाजींनी घर डोक्यावर घेतलं आहे. म्हनतात, पोरगी तिथं काई खाईन तर पाहून घेतो."

"मग तू ओळखू नको," नलूबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. "खाऊ ओळखला नाई तर डबा उघडत नाई. डबा उघडला नाई तर खायचा प्रश्नच नाई. तुले जमत असन तर गप बस."

जया हसली. "मले गप बसता येत नाई असं म्हनायचं आहे का तुमाले?"

"मी काय म्हनतो? सारं गाव म्हनते."

जया गेल्यावर बायकांचं आपसात ठरलं. पोरींना गाणी म्हणू द्यायची, टिपऱ्या खेळू द्यायच्या, आणि डबा पुढे आला की आपापली पोर बखोटीला धरून घरी न्यायची. नलूबाईंच्या कानावर तेही आलं. त्यांनी निवडलेले तांदूळ पाखडायला घेतले.

कोजागिरीची संध्याकाळ स्वच्छ होती. पाच ताटं शेंड्याशी बांधून माडी उभी केली होती, तिला झेंडूच्या माळा होत्या. आत भुलोजी-भुलाबाई. समोर दिवा. पोरी फेरात उभ्या राहिल्या तेव्हा अर्धा फेर गावाचा झाला आणि अर्धा टोल्याचा, मध्ये दोन्हीकडे बैलगाडी जाईल एवढी जागा. नलूबाईंनी रागावून काही सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, "टिपरीले समोरची टिपरी पाहिजे. जिले टिपऱ्या चांगल्या येतात तिनं जिले येत नाई तिच्या बाजूले उभं राहा." टोल्यावरच्या पोरींना टिपऱ्या चांगल्या येत होत्या. गावातल्या पोरी मोबाईलवरच्या गाण्यांवर नाचून नाचून ताल विसरल्या होत्या. फेर आपोआप मिसळला.

गाण्यांच्या मध्ये नलूबाईंनी गोष्ट सांगितली. महादेव सारीपाटात हरले, रुसून रानात जाऊन बसले. पार्वती त्यांना आणायला गेली, पण राणीसारखी नाही, भिल्लिणीचा वेष घेऊन गेली. रानातल्या बाईचं रूप घेतलेली तीच ही भुलाबाई. देव परत आले ते तिच्या मागे.

"म्हंजे भुलाबाई आमच्याकडची?" रुपानं विचारलं.

"रानाकडची. अन् आता बसली आहे आमच्या अंगनात. आता तुमीच ठरवा कोनाची," नलूबाई म्हणाल्या. पोरींनी टिपऱ्या उचलल्या.

ओट्यावर गावातल्या बायका बसल्या होत्या. टोल्यावरच्या दोघी-तिघी फाटकापाशी उभ्या होत्या. सखू त्याहून पलीकडे, रस्त्याच्या कडेच्या दगडावर, अंगणाकडे अर्धी पाठ करून बसली होती. नलूबाईंनी एकदा तिकडे पाहिलं आणि मग पाहिलं नाही.

गाणी संपली. रुपानं फडक्यात बांधलेला पितळी डबा आणला. ओट्यावरच्या बायका उठायला लागल्या.

"कोनी जायचं नाई!" आचल ओरडली. "डबा आला की फेर मोडत नाई. भुलाबाई कोपते."

हा नियम जुना होता आणि ओट्यावरच्या प्रत्येकीनं लहानपणी तो पाळला होता. उठलेल्या बायका परत टेकल्या.

रुपानं डबा हलवला. आवाजच आला नाही.

"वाजत नाई," एक पोरगी म्हणाली. "पेढे?"

"नाई."

"शिरा? करंजी? बर्फी?"

"नाई, नाई, नाई."

"गोड का तिखट?" नियमाप्रमाणे खुणा विचारता येत, आणि खाऊवालीनं खरं सांगायचं. रुपानं रस्त्याकडे पाहिलं. सखू पाठमोरीच म्हणाली, "गोड."

"खनून काढा लागते का?"

"नाई."

"झाडावरून तोडा लागते?"

"नाई. वेचा लागते."

"वेचतात तर कापूस!" ओट्यावरून कोणीतरी म्हणालं. "कापसाचे लाडू केले का वं सखूबाई?" सगळ्या हसल्या. फाटकाजवळच्या टोल्यावरच्या बायकाही हसल्या. सखूचे खांदे हलले, पण ती वळली नाही.

तेवढ्यात मोटरसायकल येऊन थांबली. ताराचंद उतरले. "आचल, चाल घरी."

"आबाजी, फेर मोडता येत नाई."

"कोन म्हनते?"

"भुलाबाई!" पंधरा-सोळा गळे एकदम म्हणाले.

देवापुढे जास्त आवाज करता येईना. ताराचंद कुंपणाशी हात मागे बांधून उभे राहिले. पोरी पुन्हा सुरू झाल्या. बोरं? नाही. चिंचा? नाही. जांभळं? नाही. बराच वेळ तोच घोळ चालला आणि ताराचंदना राहवेना. "शिंगाडे असतीन," ते पुटपुटले.

"चूक!" पोरींनी टाळ्या पिटल्या. ताराचंद खाकरले आणि आभाळाकडे पाहू लागले.

नलूबाई जयाकडे पाहत होत्या. जया ओठ मिटून बसली होती. आधी तिनं पदराचा पिळा केला, मग सोडला, मग पुन्हा केला. पोरींची एकेक चुकीची ओळख ऐकून तिच्या कपाळावर आठी चढत होती, जसं चांगल्या गाणाऱ्या माणसासमोर कोणी बेसूर गावं. शेवटी तिनं विचारलंच, "कवा वेचा लागते?"

"उजाडाच्या आधी," सखू म्हणाली. "ऊन तापलं का गेलं."

"खाली पडलेलं?"

"हो."

"पडते तवा आवाज येते?"

"येते. टप टप येते."

जया उभी राहिली. "पानं नसतात तवा पडते, सारा सडा पडते, अन् हाताले वास लागला का दिवसभर जात नाई! मोह! मोहफुलाचे लाडू! तीळ घातले असतीन!"

पोरींचा असा गलका उठला की पिंपळावरची पाखरं उडाली. रुपानं झाकण काढलं. काळपट तपकिरी लाडू, वर पांढरे तीळ. भाजल्या फुलांचा गोड, दाट वास ओट्यापर्यंत आला.

"अवं, हे तं दारूचं फूल," एक बाई कुजबुजली.

आचल डबा घेऊन आईसमोर आली. "आई, तू वळखला. जिनं वळखला तिनं पयले खायचा. मंग बाकीच्याईनं."

तेव्हा कुठे जयाच्या लक्षात आलं, आपण काय करून बसलो. तिनं खाल्ला नाही, तर कोणालाच खाता येणार नव्हता.

"जया," ताराचंद कुंपणापलीकडून म्हणाले. नुसतं नाव घेतलं.

जयानं पदर डोक्यावरून नीट घेतला. रस्त्यावरच्या दगडावर सखू आता पूर्ण वळून बसली होती. नलूबाईंच्या तोंडाशी कितीतरी वाक्यं आली. त्यांनी ती सगळी गिळली. पोर पाटीवर अक्षर काढत असताना हात धरायचा नसतो.

"मामाजी," जया म्हणाली. सासऱ्यापुढे ती कधी मोठ्यानं बोलत नसे, पण आज बोलली. "तुमी मले पाहाले आमच्या घरी आलते, तवा चहासंगं काय देल्लं होतं, आठवते?"

"त्याचं इथं काय?"

"हेच लाडू होते. तुमी दोन खाल्ले, अन् आईनं आनखी वाढू का म्हनलं तं नाई म्हनले नाई."

ओट्यावर कोणीतरी फस्सकन हसलं.

"ते तुमच्या घरचे होते," ताराचंद म्हणाले.

"आमच्या घरचे नव्हते. माया आईले ते जमत नाईत. बाजूच्या जंगूमामाच्या आजीनं वळले होते. गोंडाच्या घरात, तिच्या हातानं. मी लहानपनापासून तिच्याच मागं मोह वेचाले जात होतो."

"मले कोनी सांगतलं नाई."

"तुमी इचारलं नाई. तुमी म्हनलं, पोरीच्या हाताले चव आहे, अन् लग्न पक्कं केलं."

आता मात्र हसू कोणाला आवरेना. बायका पदरात तोंड घालून हसत होत्या, फाटकाजवळच्या टोल्यावरच्या बायका एकमेकींना धरून हसत होत्या. ताराचंद हसले नाहीत. त्यांनी एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा नातीच्या हातातल्या डब्याकडे, आणि मोटरसायकलकडे वळले. पोरीला सोबत घेतलं नाही. गाडीला किक मारताना एवढंच म्हणाले, "जास्त उशीर करू नका." गाडी गेली. नलूबाईंना तेवढं पुरे होतं.

जयानं लाडू उचलला आणि अर्धा तोडून तोंडात टाकला. सगळं अंगण तिच्या जबड्याकडे पाहत होतं. तिनं डोळे मिटले, चावला, पुन्हा चावला.

"कसा आहे?" आचलनं विचारलं.

"चांगला आहे," जया म्हणाली. मग ती जया असल्यामुळे तिला तिथं थांबता आलं नाही. "पन फूल जास्त भाजलं. जरासं कडू लागते."

"काय म्हनली?" रस्त्यावरून आवाज आला.

"फूल जास्त भाजलं म्हनलं, मावशी."

सखू दगडावरून उठली. फाटकातल्या बायकांना बाजूला सारत, पायात चप्पल तशीच, रांगोळीच्या कडेवरून ती सरळ फेराच्या मधोमध आली. "माया हातचं फूल जास्त भाजलं? तू केवढी, तुयं वय केवढं! दाखव, कुठी कडू आहे?" तिनं जयाच्या हातातला अर्धा लाडू घेतला आणि स्वतःच्या तोंडात टाकला. "कायचा कडू? तुये दात कडू."

"जंगूमामाची आजी मंद इस्तवावर भाजे."

"मंद इस्तवावर भाजलं तं आतून कच्चं राह्यते. पोट दुखते. तुया आजीले सांग."

"आजी मेली."

"मंग आता मले इचारत जाय."

पोरी टिपऱ्या हातात धरून आळीपाळीनं दोघींकडे पाहत होत्या. रुपाच्या ध्यानात आलं, तिचे डोळे मोठे झाले, "आजी, तू..." असं म्हणायला तिनं तोंड उघडलं. नलूबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. अंगणवाडीत एखादं रडकं पोर पहिल्यांदा आपणहून खेळायला लागलं की त्या बाकीच्यांना असंच गप्प करायच्या.

डबा फिरला. पोरींनी घेतला, मग त्यांच्या आयांनी घेतला. जी दारूचं फूल म्हणाली होती, तिनं आधी थोडासा तोडून घेतला आणि मग दुसऱ्यांदा हात घातला. कोणी पाहिलं नाही असं तिला वाटलं.

सखू आणि जया तुळशीजवळ पोचल्या होत्या, वाद तसाच चालू होता. बोलता बोलता सखू तिथल्या दगडावर टेकली. टेकल्यावर तिनं दगडाला हात लावून पाहिला, मग सभोवार पाहिलं, आणि तिची नजर नलूबाईंवर येऊन थांबली.

"बाई, तू आनलं मले आत."

"मी काय केलं वं? मी तं इथंच बसून आहे."

"तेच तं." सखू जयाकडे वळली. "उद्या ये माया चुलीपुढं. फूल कसं भाजतात दाखवतो तुले."

"येतो," जया म्हणाली. "पन इस्तव मी लावीन."

आचलनं राहिलेला एक लाडू आणून नलूबाईंच्या हातावर ठेवला. त्यांनी तो हळूहळू खाल्ला. फूल खरंच जास्त भाजलं होतं. मागून कडवट चव येत होती. तीस वर्षांत सखूच्या रांधण्यातली एकही चूक त्यांनी बोलल्याशिवाय सोडली नव्हती. आज त्यांनी बोटं चाटली, आणि आचलला आणखी एखादा उरला आहे का ते पाहायला पाठवलं.